सुट्टीचं कारण

२००६ साली मी अंबरनाथच्या एमआयडीसीत, रंगांच्या एका कंपनीत होते. तिथले सगळे कॉम्प्युटर आणि सर्व्हर मी एकटी सांभाळायचे. काही बंद पडलं की "मनालीला बोलवा", आणि सगळं चालू असलं की कोण मनाली?

मला सर्व्हरची सर्टिफिकेशनची परीक्षा द्यायची होती. सर्टिफिकेट नाही तर सिनियरची पोस्ट नाही, हा नियम कंपनीचाच. सेंटर ठाण्याला, म्हणजे एका दिवसाची सुट्टी आली. मॅनेजर भगवंत सरांकडे कितीदा मागितली. दर वेळी तेच. "पास झालीस की पुण्याला पळशील. मग इथे कोण बघणार?" म्हणजे सर्टिफिकेटशिवाय पोस्ट द्यायची नाही आणि परीक्षेलाही सोडायचं नाही. डोक्याची पार मंडई झाली माझ्या.

शेवटी एकदा वैतागून तोंडातून निघून गेलं, "सर, मला बघायला येणारेत."

"मग आधी सांगायचं ना," म्हणाले आणि लगेच सही केली. वर म्हणे, साडी नेस.

बुवापाड्यात घरी आईला सांगितलं, तर ती भाकरी थापता थापता हसायला लागली. "ठाण्याला जातेच आहेस तर खरंच एखादा बघून ये." हिचं आणखी वेगळंच.

थोडक्या मार्कांनी नापास झाले. दुसऱ्या दिवशी माझा चेहरा पाहून ऑफिसने काय ते समजून घेतलं. सरांनी स्वतःहून चहा मागवला. "एक नकार आला म्हणून काय झालं? दुसरं स्थळ बघ. सुट्टी लागली तर सांग."

सांगितली. पास झाले.

पेढे घेऊन गेले. खरं तर मला कुठे जायचंच नव्हतं. घरून रिक्षाने पाच मिनिटं, सगळी मशीनं माझ्या हाताखालची. पोस्ट दिली असती तर राहिले असते. म्हटलं, आता खरं काय ते सांगून टाकू.

बॉक्स बघूनच सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इतकी वर्षं सर्व्हर सांभाळला, तेव्हा कुणी साधं शाब्बास म्हटलं नव्हतं. मला रडूच यायला लागलं.

सरांनी पेढा उचलला. "मुलगा काय करतो?"

"मुलगा नाहीये, सर. सर्व्हरची परीक्षा पास झाले."

सरांनी पेढा परत बॉक्समध्ये ठेवला.

"मग पेढे कसले?"

"राजीनाम्याचे," मी म्हटलं.