मागच्या आसातली लांब जोडी

मित्रांनो, मी एक जुनी क्राउन-पिनियनची जोडी आहे. नाव ऐकून घाबरू नका. गाडीच्या मागच्या आसात एक मोठं दातेरी चक्र असतं आणि त्याला फिरवणारं एक लहान. ती दोन्ही मिळून मी. इंजिनाचा जोर माझ्याच दातांतून चाकांना मिळतो. पण बॉनेट उघडून इंजिनाचं तोंडभर कौतुक करणाऱ्यांपैकी कुणी गाडीखाली वाकून माझी विचारपूस केलेली मला तरी आठवत नाही.

कारखान्यात मला भट्टीत तापवलं, तेलात बुडवलं आणि दोन्ही चक्रं एकमेकांवर घासून जुळवली. मी लांब जोडी. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यासाठी इंजिनाला थोडेच फेरे मारायला लावते. त्यामुळे मी सुटताना सावकाश, पण लांबच्या पल्ल्याला दमत नाही. एका घरच्या गाडीत मी बसले आणि आत्याला स्टेशनवरून आणण्यात माझी उमेदीची वर्षं गेली.

पुढे घरातल्या बाबांना शर्यतीचं वेड लागलं. सरळ पट्टा, शेजारी शेजारी दोन गाड्या, जागेवरून सुटायचं आणि आधी पोचायचं. त्यांनी मला काढून आखूड जोडी बसवली. ती इंजिनाला भराभर फिरवते आणि गाडीला जोरात ढकलते. साध्या इंजिनासाठी ते बरोबरच होतं, उगाच खोटं कशाला बोलू? मी मात्र गॅरेजच्या फळीवर, रंगाच्या डब्यांमागे पडले. दातांवर गंज चढला. फार वाईट वाटायचं.

काही वर्षांनी बाबांची लेक गाडी पळवू लागली. घरात सगळे तिला ताई म्हणत. बाबांनी हौसेने इंजिनावर सुपरचार्जर चढवला. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, त्यामुळे जोर बेसुमार वाढतो. आणि काय नवल, गाडी हरायला लागली! बाबांनी सगळं खापर ताईवर फोडलं.

"तुझा पाय जड आहे, अॅक्सिलरेटर एकदम दाबतेस. आता हरलीस तर गाडी तुझा चुलतभाऊ चालवेल."

चुलतभावाने लगेच सीट मागे सरकवून बघितली.

ताईला रडू आलं होतं, पण ती बोलायची थांबली नाही. "बाबा, सुटताना चाकं जागच्या जागी फिरतात, कारण जोर जास्त झालाय. आणि पट्टा संपायच्या आधीच इंजिनाचा दम संपतो. तुम्ही इंजिनाचा जोर वाढवलात, मागची जोडी तीच ठेवलीत."

"शर्यतीला आखूडच जोडी लागते. सगळे तीच लावतात."

"सगळ्यांकडे सुपरचार्जर कुठे आहे?"

तिने मला फळीवरून उतरवलं. बाबा हसले. "ही? ही होती तेव्हा गाडीत तुझी आत्या डुलक्या काढायची."

"आता बसवून तर बघा तिला," ताई म्हणाली.

तिने रॉकेलने माझा गंज काढला, मला आसात बसवलं, दातांना पिवळा लेप लावला आणि हाताने फिरवलं. लेपावरचा ठसा दाताच्या कडेला उमटला, म्हणजे मी नीट बसले नव्हते. तिने पुन्हा सगळं उघडलं. बाबांना राहवेना. टॉर्च धरून तेही खाली वाकले. "जरा आत घे." या वेळी ठसा दाताच्या मधोमध आला.

शर्यतीच्या दिवशी दिवा हिरवा झाला आणि आम्ही सुटलो. धूर नाही, चाकांचा आरडाओरडा नाही. गाडी बिघडली असंच लोकांना वाटलं. पण सगळा जोर माझ्या दातांतून थेट रस्त्यावर उतरत होता. शेजारची गाडी थोडी पुढे होती. अर्ध्या पट्ट्यानंतर तिचं इंजिन किंचाळायला लागलं, आमच्या इंजिनात मात्र अजून दम होता. ताईने पाय जराही उचलला नाही. आम्ही शेजारच्या गाडीला गाठलं, मागे टाकलं आणि रेषा ओलांडली. मित्रांनो, त्या क्षणी माझा ऊर भरून आला!

बाबा धावत आले. त्यांनी ताईच्या खांद्यावर हात ठेवला.

"पाय चांगला आहे तुझा," ते म्हणाले.

आता दर शर्यतीनंतर माझं तेल बदलतात. तुम्हीही आपल्या गाडीच्या मागच्या आसाची काळजी घ्या. आणि गाडी हरली, तर चालवणाऱ्याला बोल लावण्याआधी एकदा खाली वाकून बघा.