डाव्या बाजूची सीट

ड्रिलचं टोक पत्र्याला टेकवलं आणि जेफ्री ऑल्डरसन थबकला. सीटखालची लोखंडी पट्टी आणि गाडीच्या चौकटीचा चौकोनी पाइप यांच्यात दोन बोटांचं अंतर पडत होतं. उजवीकडची, चालवणाऱ्याची सीट सकाळीच बसली होती. चारही बोल्ट पाइपमधून आरपार, हलायचं नाव नाही. डावीकडे मात्र पट्टी पाइपवर येईना. खाली नुसता ॲल्युमिनियमचा पत्रा, बिस्किटाच्या डब्यापेक्षा थोडा जाड.

नकळत त्याचा हात मागे फळीवर गेला. मोठ्या वायसरांचा डबा त्याने न बघताच उचलला. डबा हातात आला आणि त्याने ड्रिल खाली ठेवलं.

हे आपण आधी एकदा केलंय.

ही त्याची दुसरी गाडी. सुटे भाग मागवून घरच्या गॅरेजात गाडी जुळवायचा नाद त्याला चाळिशीनंतर लागला. पहिली, पिवळी, जुळवायला सहा वर्षं लागली होती. सरकारी तपासणीच्या आदल्या दिवशी डावी सीट अशीच अडली. तेव्हा त्याने पत्र्याला चार भोकं पाडली, खालून मोठे वायसर लावले, नट आवळले आणि वरून गालिचा चिकटवला. तपासणी झाली की नीट करू, असं ठरवलं होतं. तपासणी झाली. त्याची बायको ब्रेंडा त्या गाडीत दोनदाच बसली. केस विस्कटतात म्हणाली, त्यानंतर बसली नाही. रिकाम्या सीटचा विषय डोक्यातून गेला तो गेलाच. नऊ वर्षांपूर्वी त्याने गाडी विकली.

ब्रेंडा चहाचा मग घेऊन आली.

"काय रे, चेहरा का असा? बोट कापलंस?"

"पिवळी कुणाला विकली आपण?"

"व्हिटबीचा तो. डंकन पायबस. सोबत मुलगी होती बघ, गाडी बघितल्या बघितल्या टुणकन आत जाऊन बसली होती."

जेफला आठवलं. सात वर्षांची पोरगी, पाय खाली पोचत नव्हते. डावी सीट.

त्याने ब्रेंडाला सगळं सांगितलं. तिने चहाचा मग फळीवर ठेवला.

"नऊ वर्षांत काही झालं नाही ना? झालं असतं तर कळलं असतं."

"कुणी कळवलं असतं मला?"

"मग फोन कर."

विक्रीच्या पावतीवरचा नंबर बंद होता. पत्ता मात्र होता. जेफने जाड पोलादी पट्ट्या कापल्या, दोन पाइपांवर आडव्या बसतील एवढ्या लांब. कडा कानशीने घासल्या, बोल्ट मोजून घेतले. हे करताना हात नेहमीसारखे चालत होते. कीथलीच्या बस डेपोत त्याने अडतीस वर्षं बसगाड्या तपासण्यात काढली होती. ऑल्डरसनने सही केली म्हणजे बस सुटायला हरकत नाही, असं साहेबसुद्धा म्हणत. निवृत्तीच्या दिवशी भाषणात हेच वाक्य तीन जणांनी म्हटलं होतं.

"आत्ता निघतोस?" ब्रेंडा म्हणाली. "जेवून तरी जा."

"आज शनिवार आहे, ब्रेंडा. ऊन पडलंय. अशा उघड्या गाड्या अशाच दिवशी बाहेर काढतात."

व्हिटबीला पोचायला अडीच तास लागले. माळावरच्या रस्त्यावर समोरून येणारी प्रत्येक बुटकी गाडी त्याला पिवळी वाटत होती. एका वळणावर पोलिसांची गाडी आणि थोडी गर्दी दिसली तेव्हा त्याने काच खाली करून मान बाहेर काढली. कुंपण तोडून मेंढ्या रस्त्यावर आल्या होत्या, इतकंच.

पायबसच्या घरासमोरची जागा रिकामी होती. जमिनीवर तेलाचा ताजा डाग होता.

दार उघडणाऱ्या बाईच्या हाताला पीठ लागलं होतं. ती डंकन पायबसची बायको, हिलरी. त्याने नाव सांगताच तिचा चेहरा उजळला.

"अगबाई, तुम्ही ते जेफ! पिवळीवाले! या ना आत. आमच्याकडे तुमचं नाव निघत नाही असा आठवडा जात नाही. डंकन सगळ्यांना सांगतो, बस डेपोतल्या माणसाने बांधलीय, डोळे मिटून बसा."

"गाडी कुठाय?"

"टिलीला घेऊन गेलाय. आज सोळा पूर्ण झाली ती. स्कारबरोला जाऊन आइस्क्रीम खायचं, दर वाढदिवसाला ठरलेलंच. येतीलच तासाभरात. बसा, चहा टाकते."

जेफ बसला नाही. टोपी काढून त्याने दोन्ही हातांत धरली.

"बाई, त्यांना फोन करा. सावकाश या म्हणावं. नाही तर... मुलीला बसने येऊ दे म्हणावं."

"का? काय झालं?"

त्याने सांगितलं. सोपं करून सांगायचा प्रयत्न केला. सीटबेल्टचा पट्टा चौकटीला बांधलेला आहे, तो पक्का आहे. पण जोराची धडक बसली तर पत्रा फाटून सीटच सुटेल, आणि सीट सुटली की पट्ट्याखालून माणूस पुढे घसरतो. हिलरीने एकदाही मान हलवली नाही. तिने फोन उचलून नंबर लावला. घंटा खिडकीपाशी वाजली. डंकनचा फोन तिथे भाजीच्या टोपलीत पडला होता.

"विसरून गेला," ती म्हणाली.

मग दोघं बसून राहिली. ओव्हनमध्ये केक होता. त्याचा वास सुटला तरी ती उठली नाही. मग एकदम उठली, केक बाहेर काढला, बघितला आणि तसाच ओट्यावर ठेवला. एक बाजू काळी झाली होती. जेफला काहीतरी बोलावंसं वाटत होतं, पण या स्वयंपाकघरात बोलायचा हक्क आपण गमावलाय असंही वाटत होतं. रस्त्यावरून गाडी गेली की दोघांच्या माना एकदम वळत.

"नऊ वर्षं," हिलरी शेवटी म्हणाली. "तुम्हाला आज आठवलं?"

"हो."

"आठवूनही आला नसतात तर आम्हाला काही कळलं नसतं."

हे ती चांगल्या अर्थाने म्हणाली की वाईट, हे त्याला उमगेना.

तासाऐवजी पावणेदोन तास झाले. मग कोपऱ्यावरून तो आवाज आला. जेफने तो झोपेतही ओळखला असता. हिलरी पिठाच्या हातांनीच बाहेर धावली. डाव्या सीटवरून एक उंच मुलगी उतरली, केसांचं पार घरटं झालेलं.

"आई, काय झालं? रडतेस का?"

डंकन पायबस आडव्या अंगाचा, मासेमारीच्या बोटीवर आयुष्य घालवलेला माणूस होता. त्याने जेफला ओळखलं आणि हसत हात पुढे केला. जेफने हात मिळवण्याआधी सगळं सांगितलं. डंकनचा हात हळूहळू खाली गेला.

"चल, दाखव," तो म्हणाला.

गालिचा उचकटला. मागच्या उजव्या बोल्टच्या भोकापासून एक बारीक काळी रेघ निघाली होती, जेमतेम नखाएवढी. जेफने सीटला हात लावून ढकललं. रेघ उघडली आणि मिटली.

डंकनने त्या रेघेवर बोट टेकवलं.

"मी हिला डोळे मिटून बसवत होतो," तो म्हणाला. "डोळे मिटून! समजतंय का तुला?"

"समजतंय."

"नाही समजत. तुझी नव्हती ना त्या सीटवर कुणी."

खरंच होतं ते. जेफ आपल्या गाडीकडे गेला आणि पट्ट्या, बोल्ट, ड्रिल घेऊन आला.

"हे मी करून देतो. नको असेल तर दुसऱ्या कुणाकडून करून घ्या, पण तोवर डावीकडे कुणाला बसवू नका."

डंकनने पट्ट्या हातात घेऊन वजन बघितलं. घासलेल्या कडांवरून अंगठा फिरवला. मग जॅक आणायला गेला.

गाडी वर उचलून स्टँडवर टेकवली. जेफ पाठीवर सरकत खाली गेला. सत्तरीला टेकलेल्या पाठीने कुरकुर केली. पट्ट्या दोन्ही पाइपांवर बरोबर बसल्या. वर डंकन गुडघे टेकून बोल्टचं डोकं पान्याने धरून होता, खाली जेफ नट आवळत होता. मधे तो पातळ पत्रा.

"धरलंय?"

"धरलंय."

"आवळतो."

"आवळ."

तासभर दोघांत एवढंच बोलणं झालं. चौथ्या बोल्टला डंकनचा आवाज वरून आला, जरा वेगळा.

"बोटीवर मीही एकदा दोर असाच बांधला होता. उद्या नीट करू म्हणून."

"मग?"

"दुसऱ्याने बघितला. वेळेवर."

जेफ बाहेर आला तेव्हा त्याच्या केसांत गंज आणि धूळ होती. हिलरीने चहा आणून भिंतीवर ठेवला. साखर किती, हेही विचारलं. मुलगी दारात उभी राहून जळलेल्या केकचा चांगला भाग खात होती.

"मी बसू?" तिने विचारलं.

"थांब," डंकन म्हणाला. त्याने किल्ली घेतली, जेफकडे बघितलं आणि डाव्या सीटकडे बोट केलं. "तू."

जेफ त्या बाजूला कधी बसलाच नव्हता. पाय आत घालायला त्याला दोनदा प्रयत्न करावा लागला. त्याने पट्टा लावला, ओढून बघितला. गाडी गाव सोडून माळावर चढली. वारा तोंडावर आपटत होता, रस्ता पुढे सरळ आणि मोकळा. डंकनने मागे बघितलं. मागे कुणी नव्हतं. त्याने वेग वाढवला, आणखी वाढवला, आणि एकदम सगळं वजन ब्रेकवर टाकलं.

चाकं किंचाळली. जेफ पट्ट्यावर आदळला, छातीतला श्वास बाहेर फेकला गेला. गाडी थांबली. जळलेल्या रबराचा धूर त्यांच्यावरून पुढे गेला. लांबवर एक मेंढी ओरडली.

सीट जागची हलली नव्हती.

डंकनने मान न वळवता विचारलं, "पुन्हा?"

जेफने टोपी काढून मांडीखाली दाबली.

"पुन्हा," तो म्हणाला. "आणि आता जरा जोरात."