रुखमाबाईची भिंत

"हे नाही हो ताई, ते बाजूचं," दाढीवाला शूटिंगवाला म्हणाला, आणि त्यानं जयाच्या घराकडे चक्क पाठ केली.

जयाच्या हातातला पाण्याचा तांब्या हातातच राहिला. बाजूचं म्हणजे तिच्या थोरल्या जावेचं, रुखमाबाईचं. कवेलूच्या छपराचं, मातीच्या भिंतींचं, पांढऱ्या मातीनं सारवलेलं. आणि जयाचं? स्लॅबचं, समोर गुलाबाच्या फुलांच्या टाइल्सचं, निळ्या ग्रिलचं! अंगणवाडीत पोरांची खिचडी शिजवून शिजवून तिचे डोळे गेले, नवऱ्यानं, धम्मरत्ननं, गवंड्याच्या हाताखाली टोपल्या वाहिल्या, तेव्हा कुठे ते उभं राहिलं. आजूबाजूचं सारं वेटाळ येऊन पाहून गेलं होतं. आणि हा घाटंजीहून गाडी करून आलेला बाप्या म्हणतो, हे नाही!

"त्यात काय आहे एवढं पाहण्यासारखं?" तिनं विचारलंच.

तो खुशीत बोलत सुटला. त्यांच्या सिनेमाची गोष्ट शंभर वर्षांपूर्वीची होती म्हणे. मुंबईत मातीची भिंत उभी करता येते, पण कॅमेऱ्यात ती खोटी दिसते. इथं मागे पडकी गढी, पुढे ही भिंत, आणि भिंतीवर सारवणाऱ्या बाईची बोटं जशीच्या तशी उमटलेली. "हे आम्ही कितीही खर्च केला तरी होत नाही हो. याला माणूस राहावा लागतो." रुखमाबाईलाही त्यांना दारात बसवायचं होतं, सुपात ज्वारी पाखडताना. ती कापूस वेचायला गेलेली, म्हणून निरोप जयाजवळ ठेवला. "परवा येतो. त्यांना एवढंच सांगा, आहे तसंच असू द्या. कशालाच हात लावू नका."

जावाजावा आणि उभा दावा म्हणतात, पण या दोघींचं भांडण कधी झालंच नव्हतं. भांडायला समोरची उलटून बोलायला तर पाहिजे! नवरा, धर्मपाल, वारल्यापासून रुखमाबाई एकटी राहायची, मजुरीला जायची, सणवार आला की भिंत सारवायची. जयाला तिची फार कीव यायची. पण जिची कीव करायची तिचंच घर उठून सिनेमात जावं? जयाच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यात दारावरून जाणाऱ्या बाया विचारून जात होत्या, "रुखमाबाईचं घर घेतलं म्हणे वं?"

संध्याकाळी रुखमाबाई वावरातून आली.

"बाई, शूटिंगवाले आलते," जया म्हणाली. "तुमचं घर पाह्यजे म्हणे त्याईले."

"माह्यं? थट्टा करतं काय वं?"

"थट्टा कायची! पण असं नाही चालत म्हणे. रंग लावून ठेवा म्हणे."

तोंडातून शब्द गेला आणि जयाला स्वतःचीच भीती वाटली. पण तो मागे घ्यावा असं काही वाटलं नाही.

"रंग कुठून आणू मी?"

"माह्या ग्रिलचा उरला आहे ना. मीच देतो लावून."

रुखमाबाईचे डोळे भरून आले. "इतकं कोण करते वं कोणासाठी?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती वेचणीला गेलीच नाही. अंगणवाडी आटोपून जया निळ्या ऑइलपेंटचा डबा घेऊन आली. रुखमाबाई डबा धरून उभी राहायची, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "माह्या जावेनं दिला रंग." जया लावत गेली. भिंतीवरची बोटं एकेक करून रंगाखाली गेली. आपण वाईट करतोय हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी ब्रश कसा सरसर चालत होता!

तिसऱ्या दिवशी गाडी आली. दाढीवाला उतरला आणि डोक्याला हात लावून उभाच राहिला.

"अहो, हे काय केलंत!" मग तो जयाकडे वळला. "ताई, मी तुम्हाला सांगितलं होतं ना? कशालाच हात लावू नका म्हणून?"

जमलेली माणसं पुढे सरकली. रुखमाबाई धुतलेलं लुगडं नेसून, मांडीवर सूप घेऊन दारात बसली होती. तिनं जयाकडे एकदा पाहिलं.

"तिनं सांगतलं होतं मले," रुखमाबाई म्हणाली. "मीच आयकलं नाही. मलेच हौस आलती रंगाची. तिले काहून बोलता?"

गाडी झरी जामणीकडे दुसरं गाव पाहायला निघून गेली. माणसं हसत पांगली. "लक्ष्मी दारात आलती, म्हातारीनं रंगवून हाकलली," कोणीतरी म्हणालं. रुखमाबाईनं खाली मान घालून ऐकून घेतलं. जयानंही ऐकलं. एक शब्द बोलायचा होता फक्त, तो तिला बोलवेना. आणि एवढं सारं होऊनही तिची जळण विझली नव्हती, उलट वाढली. घर तर सिनेमातून गेलं, पण ही बाई एका वाक्यात एवढी वर जाऊन बसली की स्लॅबवर शिडी लावूनही तिथं जयाचा हात पोचला नसता.

दुपारी रुखमाबाईनं घमेल्यात पांढरी माती कालवली आणि भिंत सारवायला घेतली. माती रंगावर धरेना. ती थापायची, दाबायची, तेवढ्यात माती घसरून खाली यायची. ती पुन्हा थापायची. आपल्या ओट्यावरून जया पाहत होती. शेवटी तिच्यानं राहवलं नाही. पदर खोचून ती आली.

"बाई, द्या इकडे. मी करतो," ती म्हणाली आणि घमेल्यात हात घालायला वाकली.

रुखमाबाईनं घमेलं आपल्याकडे ओढून घेतलं.

"राहू दे," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तुह्ये हात खराब होतीन."

आणि पायाशी पडलेला मातीचा गोळा उचलून तिनं पुन्हा भिंतीला लावला.