ओढ्याकाठची हजामत

आजूबाजूच्या शेतकऱ्यांनी गावातल्या एका आजोबांचे नाव 'कंगवा' ठेवले होते, आणि त्यात कुचेष्टेपेक्षा हेवाच अधिक होता. त्यांच्या शेतातल्या ओळी विंचरल्यासारख्या सरळ असत. बांधावर उगवण्यापूर्वी तणानेही दहादा विचार करावा, असा त्यांचा दरारा. अशा माणसाच्या शेतात ओढ्याकाठचा पट्टा मुद्दाम रानटी ठेवण्याची सरकारी योजना यावी, म्हणजे मांजराच्या घरी उंदराला पाहुणा म्हणून उतरवण्यासारखेच होते.

योजना आणली होती त्यांच्या सुनेने. ओढा दर पावसाळ्यात काठ खात शेताकडे सरकत होता. काठावर गवत मोकळे वाढू द्यायचे, मुळांनी माती धरून ठेवायची, आणि त्या जागेत पीक न घेतल्याची भरपाई कृषी कार्यालयाने द्यायची, असा करार. त्यासाठी ती वर्षभर हेलपाटे घालत होती.

"म्हणजे काहीच न करण्याचे पैसे?" कंगवाबुवांनी तेव्हा विचारले होते. "आळसाला बक्षीस देणारं सरकार मी आजच पाहतोय."

"काही न करणं सोपं नसतं, बाबा. तुम्हाला जमेल का, तेवढं सांगा."

हे आव्हान त्यांना झोंबले. नांगर नाही, पेरणी नाही, फवारणी नाही. साऱ्या अटी त्यांनी मान हलवून ऐकल्या आणि पाळल्या. ओढ्याकडून जाताना मात्र ते मान वळवून चालत, जणू तिथे कोणी उघड्यावर आंघोळ करीत होते.

पाहणीचा दिवस उजाडला. सून अधिकारीबाईंना आणायला फाट्यावर गेली आणि घरी कंगवाबुवा एकटे उरले. सरकारी माणूस आपले शेत पाहायला येणार, आणि समोर हे कमरेएवढे जंगल! पाहुणा येणार म्हटल्यावर अंगण झाडावे, हे का कोणी कोणाला सांगावे लागते? पोरीने एवढी धावपळ केली. तिची मान खाली जाता कामा नये. अटींत कापणीचे नाव काही त्यांना आठवेना. त्यांनी गवत कापायचे यंत्र काढले. पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत भादरला, कडा कातरीने सारख्या केल्या, कापलेले गवत उचलून नेले, आणि मधोमध दोन खुर्च्या व पाण्याचा तांब्या मांडला. मग हात पाठीशी बांधून ते समाधानाने उभे राहिले.

अधिकारीबाई आल्या, खुर्चीवर टेकल्या, पाणी प्यायल्या. "वा, गार आहे. आता पट्टा बघू या. कुठे आहे?"

"तुम्ही बसलात तोच," कंगवाबुवा म्हणाले.

बाईंनी पायाखाली पाहिले. सून तर खुर्चीची पाठ घट्ट धरून उभी होती.

"आजोबा, गवताचं बी पडेपर्यंत ते कापायचं नसतं. गवत हाच तर पट्टा!" बाईंचा आवाज मऊ होता, पण हातातले पेन उघडले होते. "असं असेल तर करार रद्द करावा लागेल. जमीन पुन्हा तुमची. नांगरायला मोकळी."

मोकळी हा शब्द ऐकताच कंगवाबुवांनी पाठीशी बांधलेले हात सोडले. त्यांना पहिल्यापासून हेच तर हवे होते, आणि ते साऱ्या गावाला सांगूनही झाले होते. आपण हे पोरीखातर केले, यावर आता कोण विश्वास ठेवील?

सुनेने मान वर केली. "बाबा, मुद्दाम केलंत?"

तिने आदळआपट केली असती तर बरे, असे त्यांना वाटले. तिच्या आवाजात राग नव्हता. नुसती दमणूक होती.

"काही मार्ग?" त्यांनी बाईंना विचारले.

"ओढ्यालगत तेवढाच दुसरा पट्टा, उभ्या गवताचा, आजच्या आज दाखवलात तर बदलून देता येतो."

सून हसली, पण ते हसणे काही खरे नव्हते. "आमच्या शेतात? बाई, इथे गवताची काडी उगवली तर ती आधी माफी मागते."

कंगवाबुवांनी पाण्याचा तांब्या उगाच सरळ केला. मग त्यांनी घसा खाकरला. "माझ्यामागून या. पण बाहेर बोलायचं नाही."

पंपाच्या खोलीमागे मक्याची दाट रांग होती. ती त्यांनी हातांनी बाजूला केली. पलीकडे ओढा वळत होता, आणि उतारावर पाण्यापर्यंत गवत, वेली, काटेरी झुडपे यांची नुसती गर्दी उसळली होती. फुलपाखरांना तर कोणी आवरणाराच नव्हता.

"गुडघा धरल्यापासून मला इथे उतरता येत नाही," ते पुटपुटले. "लोकांना दिसू नये म्हणून मका लावतो."

"म्हणजे घरात एक गाय नसताना चाऱ्याचा मका दरवर्षी यासाठी?" सून थक्क झाली. "मी विचारलं तर म्हणालात, वारा अडतो!"

"लाज अडवत होतो, पोरी."

अधिकारीबाई मात्र केव्हाच उतारावर पोचल्या होत्या. एकेक रोप ओळखून त्या आनंदाने ओरडत होत्या, आणि कोणी आपले न धुतलेले कपडे पाहुण्यांपुढे वाळत घालावेत तसे कंगवाबुवा अंग चोरून उभे होते. "आजोबा, माती बघा कशी घट्ट धरलीय! इतर शेतकऱ्यांना दाखवायला आणू का?"

"आणा. पण शेत कोणाचं ते सांगू नका."

सुनेला आता खरे हसू फुटले. डोळे पुसत ती सासऱ्यांजवळ येऊन उभी राहिली. मुद्दाम काही केले असते, तर या माणसाने ही जागा मरेपर्यंत दाखवली नसती.

बाई वर येऊन कागदावर लिहू लागल्या. "पट्टा बदलला. मग तो कापलेला तुम्हाला मोकळा. नांगरायचा?"

कंगवाबुवांनी मक्याआडून त्या गुळगुळीत पट्ट्याकडे एकदा डोळे भरून पाहिले.

"नको," ते म्हणाले. "ओढा तिथेच जास्त खातो. वाढू दे परत." मग त्यांनी सुनेकडे पाहिले. "कडेकडेने तेवढं—"

"बाबा!"

"बरं, बरं. नाही."