सीमा मॅडमनी दत्तक घेतलेली

शाळेतून आल्या आल्या कामिनी म्हणाली, "मॅडमनी माले दत्तक लिधं."

मी पीठ मळत होते. हात तसाच राहिला. दत्तक काय असतं ते मला चांगलं ठाऊक आहे. माझ्या चुलतसासऱ्यांनी बहिणीचा मुलगा दत्तक घेतला, तो आज सख्ख्या आईला आत्या म्हणतो.

"कोनी सांगं तुले?"

"मॅडमनीच. बठ्ठा वर्गम्हा सांगं."

म्हणजे सगळ्या वर्गाला सांगून झालं होतं. सीमा मॅडमवर माझा संशय होताच. साताऱ्याकडची बाई, नवरा तिकडे नोकरीला, पदरी मूल नाही. प्रकाशा गावच्या यात्रेत हिने माझ्या पोरीला बांगड्या घेऊन दिल्या. शाळा सुटली की बाकीची पोरं घरी येतात, कामिनीला मात्र बसवून ठेवते. हल्ली पोरगी 'पानी'चं 'पाणी' म्हणायला लागली. परवा तर मला चक्क 'आई' म्हणाली. जन्मल्यापासून मी माय होते. हे सगळं उगाच कोण करतं?

नवऱ्याला सांगितलं, तर तो हसला. "बरं व्हयनं. लगीननी चिंता मिटनी." घर पेटलं तर हा माणूस त्यावर बिडी पेटवून घेईल.

सकाळी कापूस वेचायला गेलेच नाही. कामिनीचा हात धरून थेट शाळेत गेले. मॅडम फळा पुसत होत्या. मला पाहून गोड हसल्या, तेव्हा तर माझी खात्रीच पटली.

"या ना ताई, बसा."

"बसाले नई उनू मी. मन्ही पोर मी कोनले देवाव नई. कोठे सही करी ऱ्हायनात, काय करी ऱ्हायनात, बठ्ठं आठेच थांबाडा."

मॅडमच्या तोंडाचा आ झाला. मग त्यांच्या ध्यानात आलं, आणि त्या खुर्चीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

"अहो ताई, वाचनात कच्ची मुलं आम्ही शिक्षकांनी वाटून घेतलीत. ज्यानं त्यानं आपल्या वाटची मुलं तयार करायची. त्याला आम्ही शाळेत दत्तक म्हणतो. शाळा सुटल्यावर तिच्याकडून वाचूनच तर घेते मी. तुमच्या शेजारचा भावेश मोठ्या सरांकडे आहे."

मोठे सर पुढच्या वर्षी रिटायर होणार, आणि भावेशला शेंबूड पुसायचं कळत नाही. ही जोडी डोळ्यांपुढे आली आणि मलाही हसू फुटलं. तरी मी विचारलं, "मंग बांगड्या कसाले लिध्यात?"

"रडत होती हो. तुम्ही गर्दीत पुढे गेला होता."

शाळा भरायला वेळ होता, म्हणून कामिनीला बाहेर चिंचेखाली नेलं आणि समजावून सांगितलं. खोटं दत्तक आहे म्हटलं, फक्त वाचायचं. तुला कोणी कुठे नेत नाही.

माझ्या छातीवरचा दगड उतरला होता. कामिनी मात्र पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली.

"मंग आज मॅडमना घर जावानं नई?"

"नई."

तिनं पाठीवरचं दप्तर काढून माझ्यापुढे धरलं. घरी घेऊन जा म्हणाली. आत एकही पुस्तक नव्हतं. घडी घातलेले दोन फ्रॉक, टॉवेल आणि तिची फणी होती.

बघ, मी म्हणत होते ना. माझं डोकं पुन्हा तापलं. "कोनी सांगं तुले हाई भराले? मॅडमनी?"

"कोनीच नई," कामिनी म्हणाली.