कागदोपत्री बाप

वॉशिंग्टनमधल्या शहाण्यांनी कॉलेजच्या मदतीचा फॉर्म सोपा करून टाकला, आणि त्या सोपेपणापायी सेंट ओडिल गावात घराघरांतून जी भांडणं लागली ती अजून मिटलेली नाहीत. पूर्वी आईबाप वेगळे झालेले असले, तर फॉर्म एवढंच विचारायचा की पोर राहते कुणाकडे. शेंबड्या पोरालाही उत्तर देता यावं असा प्रश्न. पण ज्या प्रश्नावर कुणाचं डोकं फुटत नाही तो सरकारला प्रश्नच वाटत नाही. आता नवा प्रश्न आला: गेल्या वर्षभरात पोरीचा जास्त खर्च कुणी केला? ज्यानं केला असेल त्याची कमाई बघायची, आणि तिच्यावरून पोरीला फुकटची मदत द्यायची की वाटेला लावायचं, ते ठरवायचं.

कोरिन डेल्वोला या नव्या प्रश्नाची खबर लागली ती शुक्रवारी, नॉर्बच्या बारमध्ये. शुक्रवारी संध्याकाळी तळलेला मासा खायला झाडून सगळं गाव तिथं जमतं. कोरिन शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. आठवडाभर दुसऱ्यांच्या पोरांना वाढून कंटाळलेली, म्हणून ती आपला मासा बांधून न्यायला आली होती. आत पाऊल टाकलं तोच तिच्या पूर्वीच्या नवऱ्याचा आवाज कानावर आला. रॉली डेल्वो तळ्यावर बोटी आणि बर्फगाड्या विकायचा, आणि त्यांच्याहून मोठ्यानं बोलायचा. एका हातात ब्रँडी, दुसऱ्या हातात मोबाइल उंच धरलेला.

"वाचा, वाचा! सरकारकडून आलंय. सरकार म्हणतंय, मार्गोचं सगळं मीच करतो. मी नाही म्हणत हं. सरकार म्हणतंय!"

"सरकारला बोट विकलीस वाटतं," काउंटरमागून नॉर्ब म्हणाला. "एवढं लाडात आलंय ते."

"हसा लेको. पोरीनं स्वतः नाव घातलंय माझं. बापाची किंमत पोरीला असते. काय कोरिन, खरं की नाही?"

कोरिननं त्याच्या हातातून मोबाइल ओढून घेतला आणि वाचला. मार्गोनं शाळेत बसून फॉर्म भरला होता आणि खर्च करणारा पालक म्हणून बापाचं नाव दिलं होतं. आता बापानं आपल्या कमाईची माहिती उघडायला परवानगी द्यायची होती. तिच्या पगारावर मार्गोला कॉलेजची फी भागेल एवढी पूर्ण मदत मिळाली असती. रॉलीच्या कमाईवर छदाम मिळणार नव्हता. आणि रॉलीनं फी भरण्याआधी तळ्यातल्या माशांनी वर्गणी काढून ती भरली असती. मार्गोला माशांचाच अभ्यास करायचा होता, कॉलेजात जागा मिळालेली होती, आणि मेच्या पहिल्या तारखेला ती पक्की केली नाही तर जाणार होती.

"परवानगी दिलीस?" तिनं विचारलं.

"देऊ की. घाई काय आहे?" रॉलीनं मोबाइल परत घेतला. "माझी कमाई म्हणजे काय गावजेवण आहे का, कुणीही येऊन ताटात डोकवायला?"

म्हणजे देणार नव्हता. मान हवा होता, पण ताट झाकूनच.

घरी मार्गो स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसली होती. अंगापिंडानं बापावर गेलेली, पण स्वभावानं सरळ, इतकी सरळ की कधी कधी कोरिनला तिची धास्ती वाटायची.

"फॉर्ममधून डॅडचं नाव काढ," कोरिन म्हणाली. "माझं घाल."

"असं कसं काढू? खरं लिहायचं असतं त्यात. खाली धमकी दिलीये, खोटं लिहिलं तर दंड, वर तुरुंग."

"मग खरंच लिही ना!"

"खरंच लिहिलंय. शाळेच्या बँडच्या सहलीचे पैसे डॅडनी दिले. नवा चष्मा डॅडनी. उन्हाळ्यातलं शिबिर डॅडनी. पिकअप गाडी डॅडनी निम्म्या किमतीत दिली. तू घर चालवतेस मॉम, पण ते वेगळं."

ते वेगळं! भाडं, हीटरचं तेल, दूध, अंडी, बूट, डॉक्टर, हे सगळं वेगळं. कोरिनला हसावं की डोकं आपटावं ते कळेना.

"सहलीचे पैसे मी दिले," ती म्हणाली. "चष्मा मी घेतला. शिबिराचे पैसे मी भरले. त्याआधीचंही सगळं मीच. दातांच्या तारा, ट्रम्पेट, सगळं. तुझ्या बापानं दमडी दिलेली नाही."

मार्गो म्हणाली, "तू त्याच्यावर जळतेस हे ठाऊक होतं मला. पण एवढं?"

"अगं, मी—"

"दर वेळी तूच मला आभाराचं कार्ड लिहायला बसवायचीस. शेजारी बसून. 'प्रिय डॅड'पासून 'तुझी लाडकी'पर्यंत. आता मदत मिळवायची म्हणून तो वाईट झाला काय?"

खरं होतं ते. घटस्फोटानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात पोरगी खिडकीत बसून बापाच्या गाडीची वाट बघायची. ते बघवेना, म्हणून कोरिननं बर्फावरची एक घसरगाडी आणली आणि सांगितलं की डॅडनी पाठवली. पोरगी नाचली. मग ती सवयच पडली. आणि खरं सांगायचं तर नुसती पोरीची माया नव्हती त्यात. आपण असल्या माणसाशी लग्न केलं हे गावाला कळू नये, हाही हिशेब होता. गावाला पहिल्या दिवसापासून कळलेलं होतं, ही गोष्ट वेगळी.

शनिवारी ती रॉलीच्या दुकानात गेली. मार्गो तिथं शनिवारी काम करायची, पण त्या दिवशी बँडच्या सरावाला गेली होती. काउंटरमागच्या भिंतीवर मार्गोची सगळी कार्डं ओळीनं टाचलेली होती, येणाऱ्याजाणाऱ्या गिऱ्हाइकाला दिसतील अशी. ट्रम्पेटचं कार्ड अगदी मधोमध.

"लाज नाही वाटत?" कोरिन म्हणाली.

"लाज कसली? माझ्या नावावर आलेली आहेत." रॉली खुर्चीत रेलला. "तुला सांगतो, इतकी वर्षं वाचून वाचून मलाच वाटायला लागलंय की मी केलं असेल. माणूस विसरतो ना काही काही."

"तिला खरं सांग. तू सांगितल्याशिवाय ती फॉर्म बदलणार नाही."

"आणि गावात तोंड कसं दाखवू? कालच नॉर्बकडे एवढं बोललो!"

"मग परवानगी दे आणि फी भर."

"ते कसं जमेल? शेरीला नवं स्वयंपाकघर करायचंय." शेरी ही त्याची नवी बायको. "शिवाय आजकाल कॉलेजात काय शिकवतात तुला ठाऊक नाही."

कोरिननं त्याला जे काय ऐकवलं ते ऐकून बाहेर बर्फगाडी बघणारं एक गिऱ्हाईक आल्या पावली परत गेलं. पण रॉली ढिम्म हलला नाही. खोटं कबूल केलं तर नाक जातं, ते खरं करून दाखवलं तर पैसे जातात. मग त्यानं तिसरा मार्ग धरला, काहीच करायचं नाही. बायकोच्या बाबतीतही त्यानं पूर्वी हाच मार्ग धरला होता.

शेवटी तिघांना कॉलेजच्या मदत कचेरीतूनच बोलावणं आलं. नुसता फॉर्म अडला होता म्हणून नव्हे. मार्गोनं स्वतः तिथं चिठ्ठी पाठवली होती, की आई एक सांगते, मी दुसरं लिहिलंय, खरं काय ते ठरवून द्या. कचेरीत मिसेस व्हांग नावाची बाई होती. टेबलावर पेपरमिंटचा बाऊल, आणि चेहरा असा की दिवसभर लोकांची घरं फुटताना बघून आता तिला त्याचं काही वाटेनासं झालेलं.

"मिस्टर डेल्वो, खर्च जास्त तुमचा असेल तर तुमची परवानगी लागेल," ती म्हणाली. "परवानगी नाही, तर मदत नाही. सरकारी कर्जसुद्धा नाही."

"दिली तर?"

"तर तुमच्या कमाईवर मदत शून्य येईल. फी तुम्हाला परवडते असं धरलं जाईल."

"धरलं जाईल! आणि भरणार कोण?"

"ते नियमात नाही."

रॉली टोपी मांडीवर फिरवत बसला. मग त्याला एकदम सुचलं. "असं करा. दोघांचा सारखा लिहा. बरोबरीनं केलंय आम्ही. भांडण कशाला?"

कोरिननं डोळे मिटून घेतले. बरोबरीनं! पण मिसेस व्हांगनं पापणीही हलवली नाही.

"सारखा असेल तर ज्याची कमाई जास्त, त्याचंच नाव लागतं."

"अरे, मग मला सोडणार तरी कधी तुमचा नियम?"

"तुम्ही कमी केला असेल तर लगेच."

मार्गो दोघांच्या मधल्या खुर्चीत बसली होती. इतका वेळ ती बापाकडे बघत होती, आता तो आईला खोटं पाडेल या भरवशानं. रॉलीनं खाकरून मिसेस व्हांगला म्हटलं, "बरं, मग लिहा तसं. कमी केला."

"मला नका सांगू. फॉर्म तिचा आहे. सही तिची आहे. तिला सांगा."

गावभर ज्याच्या बढाया ऐकून लोकांचे कान किटले होते, त्याचा आवाज आता जेमतेम टेबलापर्यंत पोचला.

"चष्मा..." तो खिडकीकडे बघत म्हणाला. "तो काही मी घेतला नाही."

"सहल?" मार्गोनं विचारलं.

"नाही."

"शिबिर?"

"मला वाटतं... नाही. तुझ्या आईनं सांगितलं होतं फोन करून, की 'मी दिलेत' असं तुला सांगायचं. मी म्हटलं बरं."

"बरं," मार्गो म्हणाली. "पिकअप तरी? दर शनिवारी माझ्या पगारातून पैसे कापतोस, ते ठीक आहे. पण निम्मी किंमत तुझ्याकडून भेट, असं म्हणाला होतास."

रॉलीनं टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली. "तेवढीच किंमत होती गं तिची. खालून सगळी गंजलेली होती."

मिसेस व्हांगनं स्क्रीन मार्गोकडे वळवला. तिनं बापाचं नाव काढलं, आईचं घातलं. कोरिननं तिथंच परवानगी दिली, आणि मशीननं अंदाज दाखवला: पूर्ण मदत. इतक्या वर्षांत कोरिनला कुणी गरीब ठरवलं आणि तिला बरं वाटलं, असं हे पहिल्यांदाच झालं.

बाहेर व्हरांड्यात येईतो रॉली सावरलाही होता. मार्गोच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "बघितलंस ना, तुझ्यासाठी काय काय करावं लागतं बापाला? एवढ्या लोकांत नाक कापून घेतलं. हे काय पैशांत मोजायचं असतं?"

एवढ्या लोकांत म्हणजे एका मिसेस व्हांगसमोर. मार्गोनं त्याचा हात खांद्यावरून हळूच काढला, जाकीट काढावं तसा, आणि आईच्या गाडीत जाऊन बसली.

गाव येईपर्यंतचा रस्ता सरळ आहे. दोन्ही बाजूंना उघडी शेतं, सावलीच्या कडेला राहिलेलं काळपट बर्फ. मार्गो काचेबाहेर बघत होती. रडली असती तर कोरिनला बरं वाटलं असतं. मग ती म्हणाली, "मॉम, एक विचारू? वाढदिवसाच्या दिवशी सकाळी डॅडचा फोन यायचा. शाळेत जायच्या आधी. कधी चुकला नाही. तो?"

दर वर्षी आदल्या संध्याकाळी कोरिनच रॉलीला फोन करून आठवण द्यायची. एका वर्षी तो तरीही विसरला, तेव्हा सकाळी न्हाणीघराचं दार लावून, दबक्या आवाजात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून तिनं तो फोन करवला होता. आता सांगून टाकायला काय हरकत होती? हा प्रश्न फॉर्मवर नव्हता. याच्यावर कुठली मदत अडलेली नव्हती, खोट्याला दंड नव्हता, तुरुंग नव्हता.

"तो त्याचाच," ती म्हणाली.

"खरंच?"

"हो. फुकटात होतं ना, म्हणून करायचा."

मार्गो हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. बाहीनं नाक पुसत ती म्हणाली, "मॉम, तू इतकं चांगलं खोटं बोलतेस, की यापुढं तुझं काहीच मला खरं वाटणार नाही. पण हे राहू दे."

कोरिनला इतका राग आला की गाडी कडेला घेऊन हॉर्नवर डोकं टेकावं असं वाटलं. रॉलीचा आला, त्या फॉर्मचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा आला. दमडी न देता तो माणूस आजही त्या फोनांचं श्रेय पदरात पाडून गेला होता, आणि त्याची किंमत पुन्हा तिनंच मोजली होती. पण पोरगी कॉलेजात जाणार होती. कोरिननं काच खाली केली, थोडी हवा आत घेतली, आणि गाडी तशीच पुढं चालवली.