झाकणाचा खिळा

करवतीचं मशीन सुरू झालं की माझ्या हातातला पॉलिशचा बोळा आपोआप थांबतो. पातं लाकडात शिरलं की आवाज जाड होतो, बाहेर आलं की पुन्हा बारीक. तो बारीक होईपर्यंत माझा श्वास अडकलेला असतो. गेल्या सोमवारपासून हे असं चाललंय आणि माझ्या धाकट्या भावाला त्याचं हसू येतं.

सोमवारी फळी उसळली आणि त्याचा उजवा हात पात्याकडे ओढला गेला. अंगठ्याचं अर्धं नख गेलं, बाकी हात शाबूत. एवढ्यावर निभावलं म्हणून स्वारी खूश. कारखान्यात येईल त्याला किस्सा सांगायचा. "सूतभर इकडे सरकलं असतं तर पंजाच गेला असता, पण नशीब बघा." ऐकणारा आधी हळहळतो, मग दोघं हसतात, मग चहा होतो. मी पलीकडे धुसफुसत असते. त्यात हसण्यासारखं काय आहे, मला कुणी समजावून सांगेल का?

कारण पात्यावर झाकण नव्हतं. ते होतं भिंतीवर, खिळ्याला टांगलेलं. तो खिळा आमच्या वडिलांनी ठोकला. बारीक पट्ट्या कापताना झाकण मध्ये येतं म्हणून ते काढून तिथे अडकवायचे आणि मग ते तिथेच राहायचं. त्याच मशीनवर त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. तेही म्हणायचे, "बरं झालं, डावा होता." आम्हाला जवळ घेऊन बोटं मोजायचे, आठावर थांबायचे आणि उरलेली दोन शोधल्याचं सोंग करायचे. आम्ही हसून लोळायचो. वडील गेले. आता तोच खेळ धाकटा आपल्या मुलीला दाखवतो, दोन बोटं मुडपून.

आज ड्रॉवरच्या पट्ट्या कापायच्या होत्या. मी मान वळवून पाहिलं तर झाकण खिळ्यावर आणि हा मशीनपाशी, अंगठ्याला पांढरी पट्टी बांधलेली. माझं डोकंच फिरलं. उठले आणि मेन स्विच खाली ओढला.

"ताई, काय लावलंयस? संध्याकाळी माल न्यायला येणार आहेत."

"सोमवारी काय झालं ते सांग मला."

"किती वेळा सांगू? फळीत गाठ नसती तर काही झालंच नसतं."

"आणखी?"

"फोन वाजला नसता तर. त्या गिऱ्हाईक बाईंनी घाई केली नसती तर."

"गाठ झाडाची, फोन भलत्याचा, घाई बाईंची. तू होतास का तिथे, का फिरायला गेला होतास?"

"हात आहे ना जागेवर? मग कशाला उगाच अभद्र बोलतेस?"

"मला भीती वाटते म्हणून बोलते. तुझा हात जाईल आणि तू त्याचाही किस्सा करशील."

त्याने माझा हात बाजूला सारला आणि स्विच वर केला. मशीन घोंगावायला लागलं. त्याने लाकडाची पट्टी उचलली.

त्याची मुलगी दाराशी भुशात बसून खेळत होती. आमचं भांडण तिला नवीन नाही. ती उठून माझ्याजवळ आली, दोन बोटं मुडपली आणि आवाजावर आवाज काढत म्हणाली, "आत्या, मोठी झाले की माझीपण अशी होणार ना?"

"कोण म्हणालं तुला?"

"आजोबांची झाली. पप्पांचं नख गेलं, म्हणजे त्यांचं आता सुरू झालं."

दुधाचे दात कधी पडणार असं विचारावं, तसं विचारलं तिने. भीती नाही, काही नाही.

मशीन बंद झालं. पातं फिरत फिरत थांबेपर्यंत धाकटा तिच्याकडे बघत होता. मग येऊन खाली बसला, तिची मुडपलेली बोटं एकेक करून सरळ केली आणि ती पुन्हा मुडपतील अशा भीतीने मुठीत धरून ठेवली.

"मी झाकण लावलं नव्हतं," तो म्हणाला. आवाज त्याचा वाटत नव्हता. "लावलं असतं तर नखसुद्धा गेलं नसतं. आजोबांनी लावलं असतं तर त्यांचीही बोटं राहिली असती."

"मग का नाही लावलं?" तिने विचारलं.

तो उठला.

त्याने झाकण आणून पात्यावर बसवलं. हातोडीच्या चिमट्यात तो खिळा धरून ओढला. खिळा हट्टी, मुठीएवढं प्लास्टर घेऊनच निघाला. मग त्याने पट्ट्या कापल्या, काठीने ढकलत, हळूहळू, आणि प्रत्येक पट्टीला झाकणाच्या नावाने शिव्या घालत. मी ऐकून घेतल्या.

काम संपलं. त्याचे हात सवयीने झाकणाकडे गेले. काढलं, भिंतीकडे वळला आणि भोकासमोर झाकण घेऊन तसाच उभा राहिला. माझ्या जिभेवर चांगला टोमणा आला होता, तो गिळला. त्याने मुलीकडे पाहिलं. मग परत गेला आणि झाकण पात्यावर बसवून वरून दोनदा दाबून बघितलं.